शिडीच्या मधल्या पायरीवरचा गोलंदाज

भात कापून झालं, झोडणी उरकली, की भिवंडी तालुक्यातली खाचरं मोकळी होतात. तानसा नदीच्या काठाने गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी या बाजूला हिवाळ्यात निघालात, तर कुठल्या तरी गावाबाहेर बांध सपाट करून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेली खेळपट्टी दिसेल. एका कडेला कापडी मंडप, मंडपात टेबलावर चषक मांडलेले आणि लाउडस्पीकरवर समालोचन. चेंडू टेनिसचा. त्याचं वजन जेमतेम ५६ ते ५९ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या लाल चेंडूच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडंसं जास्त. इतका हलका चेंडू हवेतच दम सोडतो. त्यामुळे त्याला वेग द्यायचा तो सगळा खांद्यातून आणि मनगटातून. सामना मोजक्या षटकांचा आणि फलंदाज पहिल्या चेंडूपासून उचलून मारणार. अशा खेळात यॉर्कर बुंध्यात टाकणारा पोरगा संघाचा आधार असतो. आठवडाभर तो गोदामात माल उतरवतो किंवा यंत्रमागावर पाळी करतो आणि रविवारी दुसऱ्या गावच्या स्पर्धेत गोलंदाजीला उभा राहतो. चार तालुक्यांत त्याचं नाव असतं, पाचव्यात त्याला कुणी ओळखत नाही.

खेळाच्या इतिहासात या माणसाला जागा नाही. तो सर्वात वरच्या पायरीवर कधीच दिसत नाही, आणि इतिहास बहुधा तिथलाच लिहिला जातो. पण जगातल्या चेंडू टाकणाऱ्यांची मोजदाद केली, तर जवळजवळ सगळे याच्यासारखेच निघतील. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे. त्यांचं आयुष्य नीट समजून घ्यायचं तर आधी अमेरिकेत जावं लागेल, कारण खालच्या पायऱ्यांची इतकी रेखीव शिडी क्वचितच कुठे बांधलेली आहे.

शेत आणि पीक

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये वरचे ३० संघ म्हणजे मेजर लीग. त्यांच्या खाली मायनर लीग. १९२०च्या दशकात ब्रँच रिकी नावाच्या व्यवस्थापकाने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी एक युक्ती काढली. तयार खेळाडू महागात विकत घेण्याऐवजी छोट्या गावांतले संघच ताब्यात ठेवायचे, तिथे पोरं पेरायची आणि पिकली की वर आणायची. या पद्धतीला नावही शेतीवरूनच पडलं, ‘फार्म सिस्टिम’. पुढे सगळ्याच संघांनी ती उचलली. २०२१च्या फेररचनेनंतर प्रत्येक मोठ्या संघाखाली चार पायऱ्यांवर चार संघ, असे एकूण १२० संघ उरले. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. त्यांच्याही खाली नवख्यांचे संघ असतात. त्यांचे सामने सरावाच्या मैदानांवर, दुपारच्या उन्हात, जवळजवळ प्रेक्षकांविनाच होतात.

या शिडीवरच्या पोराला आपण कुठे उभे आहोत हे रोज ठाऊक असतं. पायरीला नाव आहे, पायरीचा पगार ठरलेला आहे. पण तो पगार पोट भरणारा नव्हता. २०२३ पर्यंत सर्वात खालच्या पायरीवर वर्षाला सुमारे ४,८०० डॉलर मिळत आणि ट्रिपल-एमध्ये सुमारे १७,५००. हंगाम संपला की खेळाडू दुकानात, गोदामात, मिळेल तिथे काम धरायचे. खेळाडूंनी कोर्टात दावा लावला. तो २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरवर मिटला. त्याच वर्षापासून राहण्याची सोय संघांनी करायची असं ठरलं. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा संघटनेमार्फत पहिला करार झाला आणि खालच्या पायरीचा पगार १९,८०० डॉलरवर, ट्रिपल-एचा ३५,८०० डॉलरवर गेला. शेताची मालकी जुनी, पण पिकाने आपला भाव मागायला शंभर वर्षं लागली.

साडेसाठ फूट

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो मातीच्या दहा इंच उंच उंचवट्यावर उभा राहतो. तिथून फलंदाजासमोरची पाटी ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर असते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, सुमारे २०.१२ मीटर. अंतर जवळपास सारखंच वाटतं, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो, हात फिरवून चेंडू टाकतो, आणि कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती फेकी ठरते. पिचर धावत नाही. तो एका जागी उभा राहतो, एक पाय उचलतो, पुढे झेप घेतो आणि कोपर वाकवून चेंडू फेकतो. टप्पा नसतो, त्यामुळे खेळपट्टीची मदत नाही. चेंडूला जे वळण द्यायचं ते बोटांनी, लाल दोऱ्याच्या शिवणीवर. दोन बोटं शिवणीला आडवी लावली तर चेंडू सरळ, वेगात जातो. बोटं थोडी बाजूला सरकवून सोडताना मनगट वळवलं, तर तोच चेंडू फलंदाजापाशी येऊन खाली पडतो किंवा आडवा सरकतो.

ताशी ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत सेकंदाच्या चार दशांशात पोचतो. फलंदाजाला चेंडू ओळखून बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला याच्या निम्माही वेळ मिळत नाही. या वेगाचा ताण येतो कोपरावर, आणि तुटतंही कोपरच. कोपराच्या आतल्या बाजूचा बारीक अस्थिबंध प्रत्येक फेकीला ताणला जातो. तो फाटला की पूर्वी कारकीर्द तिथेच संपायची. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला स्नायुबंध काढून कोपरात बसवला आणि जॉन पुन्हा खेळला. ही शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत लांबलांबून माणसं दुखरे सांधे शेकायला येतात. चेंडू फेकणाऱ्याच्या खांद्याकोपराची दुखणी मात्र शेकून जात नाहीत. त्यांना विश्रांती लागते, आणि विश्रांती घेतली तर आपली पायरी जाईल, ही भीती असते.

मुंबईत झालेली निवड

या शिडीवर दोन भारतीय चढले, आणि त्यांची निवड मुंबईत झाली. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकी क्रीडा-प्रतिनिधीच्या मनात आलं, की क्रिकेटच्या देशात चेंडू फेकणारे हात नक्की असणार. ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा देशभर फिरली, हजारो पोरांनी चेंडू फेकून पाहिला आणि २००८ मध्ये मुंबईत अंतिम फेरी झाली. पहिला आला रिंकू सिंग, डावखुरा. दुसरा दिनेश पटेल, उजव्या हाताचा. दोघे उत्तर प्रदेशातले, लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातले, आणि दोघे भालाफेकपटू. शोधायला निघाले होते क्रिकेटचे गोलंदाज आणि सापडले भाला फेकणारे. याचं कारण वर सांगितलेल्या कोपरात आहे. गोलंदाजाचा हात आयुष्यभर सरळ राहायला शिकलेला असतो, भालाफेक्याचा हात वाकून झटका द्यायला.

दोघांना लॉस एंजेलिसला नेऊन टॉम हाउस या प्रशिक्षकाने शिकवलं. त्यांनी त्याआधी बेसबॉलचा हातमोजाही घातला नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. जुलै २००९ मध्ये फ्लोरिडातल्या नवख्यांच्या लीगमध्ये ते पहिल्यांदा उतरले आणि त्याच महिन्यात रिंकू अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर ठरला. पुढच्या वर्षाअखेर दिनेशला संघाने मोकळं केलं आणि तो भारतात परतला. रिंकू चढत राहिला. २०११ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनियाच्या संघापर्यंत, म्हणजे शिडीच्या खालून काही पायऱ्या वर पोचला. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संघाकडूनही खेळला. मग कोपराने दगा दिला. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, पण मैदानावरची ती चढण पुन्हा सुरू झाली नाही. २०१४ मध्ये डिस्नेने त्या दोघांवर सिनेमा काढला, आणि २०१८ मध्ये रिंकूने व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात पाऊल टाकलं.

सिनेमा निवडीपाशी आणि करारापाशी रमतो. खरी गोष्ट त्याच्यापुढे सुरू होते. परक्या भाषेत, परक्या अन्नावर, ज्या खेळाचे नियम काल शिकलो त्या खेळात, लहानपणापासून तोच खेळलेल्या पोरांना बाद करायचं. त्या उन्हातल्या मैदानांवर रिंकू आणि दिनेशने टाकलेला प्रत्येक डाव, दिलेली प्रत्येक धाव आणि घेतलेला प्रत्येक बळी आजही नोंदलेला आहे. कुणालाही तो काढून बघता येतो. ही साधी वाटणारी गोष्ट या प्रकरणात सर्वात महत्त्वाची आहे.

२६२ आणि २६२

नोंद काय करते हे बघायचं तर स्टीव्ह डॅल्कोव्स्की या पिचरकडे बघावं. तो १९३९ मध्ये कनेक्टिकटमध्ये जन्मला आणि १९५७ पासून बाल्टिमोर ओरिओल्सच्या खालच्या संघांत खेळला. इतक्या वेगाने चेंडू टाकणारा आपण दुसरा पाहिला नाही, असं सांगणाऱ्यांत त्या काळातली मोठमोठी माणसं आहेत. पण तेव्हा सामन्यात वेग मोजायची सोय नव्हती, आणि त्याच्या चेंडूला दिशा नव्हती. १९६० मध्ये स्टॉक्टनच्या संघाकडून त्याने १७० डाव टाकले. त्यांत २६२ फलंदाजांना तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि बरोबर २६२ जणांना बाहेरचे चार-चार चेंडू टाकून फुकट बेस दिला.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की माणूस उभा राहतो. केवढी ताकद होती आणि ती कुठे सांडत होती, हे सांगायला आणखी वाक्य लागत नाही. १९६२ मध्ये एलमायरा गावी अर्ल वीव्हर या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याची दिशा सुधारली. १९६३ च्या वसंतात वरच्या संघात जागा मिळणार अशी चिन्हं दिसत असतानाच सरावसामन्यात कोपर गेलं. डॉ. जोब यांची शस्त्रक्रिया यायला अजून अकरा वर्षं होती. डॅल्कोव्स्की मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. पुढे त्याने कॅलिफोर्नियात शेतांवर मजुरी केली, दारूने त्याला पोखरलं, आणि २०२० मध्ये तो गेला. तरीही बेसबॉलच्या माणसांत त्याचं नाव आजही निघतं. त्याचा वेग ही ऐकीव कथा राहिली असती, पण २६२ आणि २६२ हे कागदावर आहे, आणि त्या कागदामुळेच कथेवर विश्वास बसतो.

शिवाजी पार्कचा पॅडी

आपल्याकडे ही शिडी वेगळी आहे, पण मधली पायरी तीच. तिच्यावर दीर्घ काळ उभा राहिलेला मराठी माणूस म्हणजे पद्माकर शिवलकर. १९४० चा जन्म. शिवाजी पार्कच्या मैदानावर ते ‘पॅडी’. डावखुरी फिरकी, कमी पावलांचा रनअप, आणि एकाच जागी तासन्‌तास चेंडू टाकण्याची चिकाटी. १९६१-६२ ते १९८७-८८ एवढ्या काळात त्यांनी १२४ प्रथम श्रेणी सामने खेळले आणि १९.६९ च्या सरासरीने ५८९ बळी घेतले. डावात पाच बळी ४२ वेळा. एकदा निवृत्त होऊन ते पुन्हा मैदानात उतरले, तेव्हा वय सत्तेचाळीस होतं.

कसोटी सामने शून्य.

कारण साधं आणि कठोर होतं. भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची एक जागा होती, आणि १९६६ पासून त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. बेदींनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. त्यांना काढावं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरे फिरकीपटू. रणजीत ६३७ बळी घेऊन तेही कसोटीविना राहिले. शिवलकरांची शिडी एका जागेपाशी येऊन संपत होती आणि ती जागा रिकामी होत नव्हती.

म्हणूनच १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना सांगावासा वाटतो. मद्रासला चेपॉकवर मुंबईविरुद्ध तामिळनाडू. मुंबईने आधीची सलग चौदा वर्षं रणजी जिंकली होती. खेळपट्टी अशी, की पहिल्या डावात मुंबईला जेमतेम १५१ धावा करता आल्या. समोर तामिळनाडूचे स्वतःचे फिरकीपटू आणि स्वतःचे प्रेक्षक. शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले. तामिळनाडू ८० सर्वबाद. मुंबईचा दुसरा डाव ११३ वर संपला, तेव्हाही सामना कुठेही झुकू शकत होता. शिवलकरांनी १८ धावांत ५ बळी घेतले आणि तामिळनाडू ६१ वर संपलं. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना आटोपला आणि मुंबईचं पंधरावं सलग विजेतेपद नक्की झालं. दोन डावांत मिळून ३४ धावा देऊन १३ बळी. हे आकडे वाचताना त्या मातीवर पडून वळणारा चेंडू डोळ्यांसमोर येतो.

सुनील गावसकरांनी ‘आयडल्स’ या पुस्तकात आपल्या आदर्श खेळाडूंवर लिहिलं, त्यात शिवलकर आणि गोयल या कसोटी न खेळलेल्या दोघांनाही स्थान दिलं. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकर गेले, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिलं. त्या लिखाणाला आधार होता जुन्या धावफलकांचा. ५८९ हा आकडा नसता, १६ धावांत ८ हा आकडा नसता, तर ‘फार चांगला गोलंदाज होता म्हणतात’ एवढंच मागे उरलं असतं.

वहीतली जागा

आता पुन्हा तानसेच्या काठी येऊ. टेनिस क्रिकेटच्या पोरांसाठी आता वरची एक पायरी तयार झाली आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. दहा षटकांचे सामने, टेनिस चेंडू, सहा शहरांचे संघ. गल्लीत आणि शेतात खेळलेली मुलं प्रकाशझोतात, टीव्हीवर खेळली. भिवंडीहून ठाणं जवळच. ज्यांनी खाचरात यॉर्कर शिकला, त्यांना पहिल्यांदाच वर बघायला काही तरी मिळालं. हे चांगलं झालं.

पण शिडीचा नियम इथेही तोच राहील. वर जाणारे थोडे, मधल्या पायरीवर राहणारे अनेक. अमेरिकेने त्या अनेकांना पगार देण्यात फार उशीर केला, पण त्यांची नोंद ठेवली. पीक किती आलं हे कळावं म्हणून ती ठेवली गेली. तरीही तिच्यामुळे कुणी पुरता हरवला नाही. मुंबईच्या क्रिकेटनेही वह्या जपल्या, म्हणून पॅडी हरवले नाहीत. आमच्या गावोगावच्या स्पर्धांत मात्र चषक घरी येतो, भिंतीवरच्या फळीवर बसतो, आणि धावफलकाचा कागद मंडप सोडताना मैदानातच राहतो. ‘उत्कृष्ट गोलंदाज’ असं चषकावर कोरलेलं असतं. किती षटकं, किती धावा, कुणाला बाद केलं, हे मात्र कुठेच नसतं. वीस वर्षांनी तो गोलंदाज आपल्या मुलाला सांगेल, तेव्हा मुलाने विश्वास ठेवावा असं त्याच्या हातात काही नसेल.

हे बदलायला पैसा लागत नाही. दोनशे पानांची एक वही पुरते. हल्ली मोबाइलवर चेंडूगणिक नोंद करता येते, तीही सोय वापरावी. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. मंडप बांधताना, चषक मागवताना, गावातल्या एका शाळकरी पोराला किंवा पोरीला स्कोअर लिहायला बसवा. तारीख, गावं, पूर्ण नावं, षटकं, धावा, बळी, सगळं लिहून घ्या. वही पुढच्या वर्षीच्या समितीच्या हाती द्या आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. आपल्यातला जो कुणी मधल्या पायरीवर राहून आयुष्यभर चेंडू टाकत राहील, त्याला एवढं तरी आपण देऊ शकतो.